लागोस, ३१ मे २०२३ : हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकटी

सकाळी सातच्या पाळीला पॅकिंगच्या दोन लाइनींवर मिळून ४२ माणसं लागतात. त्या बुधवारी सव्वासात वाजता १९ होती. आठपर्यंत आणखी सहा आली, घामाघूम, कारण ती अर्ध्या वाटेपासून चालत आली होती. सुपरवायझरने हजेरीपट माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "ओगा, ट्रान्सपोर्ट डॉन डबल." भाडं दुप्पट झालं, साहेब.

कारखाना नायजेरियात, लागोसमधल्या इकेजाच्या औद्योगिक भागात, डिटर्जंट पावडरचा. माझ्याकडे पगारपत्रक आणि खर्चाचा हिशेब. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी २९ मेला, नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणात पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं सांगून टाकलं होतं. अंदाजपत्रकात जूनअखेरपर्यंतची तरतूद होती, ३ लाख ३६ हजार कोटी नायरांची (नायरा हे इथलं चलन), त्यामुळे निदान महिनाभर उसंत आहे असं सगळेच धरून चालले होते. पण पंपवाल्यांनी लगेच हात आखडला आणि रांगा लागल्या. बुधवारी सरकारी तेल कंपनीने नवे दर लावले. लागोसमध्ये लिटरला १८५च्या आसपास असलेलं पेट्रोल ४८८ नायरा झालं.

वरून निरोप आला, आपल्या खर्चावर परिणाम किती ते दुपारपर्यंत सांगा. मी हिशेब मांडला आणि तो दोन ओळींत संपला. कारखाना चालतो डिझेल जनरेटरवर. ५०० केव्हीएचा एक जनरेटर पाऊणभर लोडला ताशी ८० लिटरच्या आसपास डिझेल पितो, आणि ग्रिडची वीज दिवसातून किती तास येईल याचा भरवसा नसल्याने खर्चाचा मोठा आकडा तोच. पण डिझेलवर अनुदान आधीपासूनच नव्हतं, त्यामुळे सोमवारी जो दर होता तोच बुधवारी. मालाचे ट्रकही डिझेलचे. पेट्रोलवर चालतात त्या फक्त विक्री विभागाच्या गाड्या. म्हणजे देशभर हलकल्लोळ आणि आमच्या नफातोट्याच्या पत्रकावर साधा ओरखडाही नाही.

तरी लाइन अर्धी रिकामी होती. मग कारखान्याचं पत्रक बाजूला ठेवून एका माणसाचं मांडलं.

कायम कामगार, महिना ६०,००० नायरा. त्यातून निवृत्तिवेतनाचे ८ टक्के, म्हणजे ४,८००. प्राप्तिकराची सवलत वजा जाता करपात्र रक्कम वर्षाला ३,२९,९२०. पहिल्या तीन लाखांवर तेव्हा ७ टक्के, उरलेल्यावर ११ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २,०२४. हातात पडत होते ५३,१७६. हा माणूस राहतो सांगो ओटाच्या बाजूला, कारण इकेजाजवळ खोलीचं भाडं परवडत नाही, त्यातही घरमालक वर्षाचं, कधी दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. घरापासून थांब्यापर्यंत केके, म्हणजे आपली रिक्षा, तिथून पिवळी डॅनफो, म्हणजे लहान बस. केकेचे १०० आणि डॅनफोचे ३०० धरले तर जाऊन-येऊन दिवसाला ८००. सव्वीस दिवसांचे २०,८००. खाणं, शाळा, घरभाडं, औषध यांना उरत होते ३२,३७६.

बुधवारी केके २०० आणि डॅनफो ५००. दिवसाला १,४००, महिन्याला ३६,४००. उरले १६,७७६. पगारातला एक नायरा न कापता घरात जाणारा पैसा निम्म्यावर आला.

कंत्राटी माणसाची गत याहून वाईट. त्याचा रोज १,८०० नायरा. त्या काळचं किमान वेतन महिना ३०,००० असल्यामुळे हा रोज कायद्यात चोख बसत होता. १,४०० भाड्यात गेले तर उरले ४००, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या बुकात, म्हणजे खानावळीत, भात-स्ट्यू घेतलं की ४०० संपले. तो आला नाही याला गैरहजेरी म्हणायचं तरी कसं? त्याने आपला हिशेब माझ्याआधी करून ठेवला होता.

भाडं वाढवणारा केकेवालाही काही गब्बर झाला नाही. लागोसच्या रस्त्यांवर बजाजच्या रिक्षा इतक्या, की बजाजच्या वाळूज कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं असल्यासारखं वाटावं. बहुतेक चालकांकडे ती हप्त्यावर किंवा रोजाच्या ठरलेल्या रकमेवर असते, आणि थांब्या-थांब्यावर आग्बेरो म्हणजे युनियनची पोरं वसुलीला उभी. आठ लिटर पेट्रोल रोज धरलं तर १,४८० वरून खर्च गेला ३,९०४ वर. मालकाची रक्कम कमी होत नाही, आग्बेरोची तर नाहीच. उरतो प्रवासी.

आता याची दुसरी बाजू. कोणी म्हणेल अनुदान गरिबांसाठी होतं, तर तेही खरं नाही. लिटरमागे ३०३ नायरांचा फरक. इकोयीसारख्या श्रीमंत वस्तीतल्या मोठ्या जीपची ८० लिटरची टाकी एकदा भरली की सरकार त्या मालकाला २४,२४० नायरा देत होतं. किमान वेतनावरच्या माणसाची महिन्याची कमाई याच्यापेक्षा थोडीच जास्त. शिवाय कॅनमध्ये भरून सीमेपलीकडे बेनिनला जाणारं पेट्रोल वेगळं. नायजेरियातलं अनुदान बंद झाल्याबरोबर तिथल्या रस्त्याकडेच्या बाटल्यांतलं पेट्रोल महागलं, यावरून काय ते समजावं.

मुळात कच्चं तेल विकणारा देश पेट्रोल परदेशातून आणत होता. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथल्या चार सरकारी रिफायनऱ्या, कागदावरची क्षमता दिवसाला ४,४५,००० पिंपं, तेव्हा सगळ्या बंद. निर्यातीच्या कमाईत तेल-वायूचा वाटा ९० टक्क्यांच्या घरात, आणि २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे तेल १०० डॉलरच्या वर गेलं तेव्हा पाइपलाइनींतल्या चोरीने उत्पादन दिवसाला १० लाख पिंपांच्याही खाली उतरलेलं. जे विकलं गेलं त्यातून अनुदान वळतं होत होतं; सरकारी तेल कंपनीकडून तिजोरीत कित्येक महिने काहीच आलं नाही. त्यामुळे अनुदान कधीतरी जाणार हे ठरलेलं होतं. पगार आणि बस यांची काही तजवीज न करता ते एका वाक्यात गेलं, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं बसलो: उत्पादन प्रमुख, मनुष्यबळवाल्या बाई आणि मी. पहिला पर्याय वाहतूक भत्ता वाढवण्याचा. यात एक गोम आहे. इथल्या कायद्यात मूळ पगार, घरभाडं आणि वाहतूक या तिन्हींवर निवृत्तिवेतनाची वर्गणी लागते, कामगाराची ८ आणि मालकाची १० टक्के. भत्ता १०,००० वाढवला तर कंपनीला ११,००० पडत होते आणि माणसाच्या हातात तेव्हाचा कर कापून ९,००० सुद्धा पोचत नव्हते. शिवाय कंत्राटी माणसाला हा भत्ता नसतोच. दुसरा पर्याय बस. आम्ही मुद्दाम डिझेलची ३० आसनी कोस्टर मागवली, कारण तिचा इंधनखर्च बदललेला नव्हता. मात्र बसवाला हुशार. पेट्रोलच्या गाड्या परवडेनात म्हणून सगळे कारखाने त्याच्याच दारात उभे होते, आणि त्याने दर त्याप्रमाणे लावला. एकाच मार्गाला, सांगो ते इकेजा, बस घेता आली.

तिसरा पर्याय फुकटातला, म्हणून तोच सगळ्यांना आवडला. आठ तासांचे सहा दिवस होते, त्याऐवजी बारा तासांचे चार दिवस. तास तेच ४८. फेऱ्या महिन्याला २६ वरून साधारण १७, भाडं १७ गुणिले १,४०० म्हणजे २३,८००. कायम कामगार जवळजवळ मूळ जागी आला.

कंत्राटी माणूस आणखी खाली गेला. हे माझ्या ध्यानात आलं ते आठवड्याने, कंत्राटदाराचं बिल तपासताना. तो हजेरीवर पैसे देतो. आठ तास असोत की बारा, हजेरी एकच. चार दिवसांचे चार रोज, म्हणजे काम तेवढंच करून मजुरी दोन तृतीयांश. बिलात बारा तासांची हजेरी दीड धरायला लावली, आणि ती दीडच्या हिशेबाने प्रत्यक्ष वाटली जाते का, हे बघायला वाटपाच्या वेळी आमचा एक माणूस उभा केला. पहिल्या आठवड्यात ती वाटली गेली नव्हती. बारा तासांचा दुसरा ताप पाकिटं सील करण्याचा: दहाव्या तासानंतर सॅशेचे, म्हणजे छोट्या पाकिटांचे, जोड नीट बसेनात, पावडर सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यात अडकून पाकिटं गळायला लागली. दर चार तासांनी जबडे पुसायचे आणि सीलवरची माणसं फिरवायची, असं ठरवलं तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं.

फाटकाबाहेर तांदूळ विकणारी एक मामा होती. इथे वयाने मोठ्या बाईला मामाच म्हणतात. तिचं माप डेरिका, म्हणजे टोमॅटोच्या मोठ्या डब्याचं, आपल्या मापट्यासारखं. जूनमध्ये तिने शेजारी कंडेन्स्ड दुधाचा रिकामा डबा ठेवला, तेही माप, चिपट्याएवढं. दुपारपर्यंत डेरिका कोरडाच असायचा आणि दुधाचा डबा चालू.

१४ जूनला मध्यवर्ती बँकेने नायराचा दर मोकळा सोडला. आमच्या पगारपत्रकात परदेशी कर्मचाऱ्यांचं वेगळं पान आहे. आमचा पगार डॉलरमध्ये ठरलेला, कर नायरात भरायचा, म्हणून वरच्या कोपऱ्यात विनिमय दराची एक चौकट. तिथे ४७१ होते. महिनाअखेरीस ७५०च्या आसपासचा आकडा टाकला आणि खालचे सगळे नायरातले आकडे दीडपटीहून जास्त झाले, माझा धरून. पॅकिंग लाइनच्या पानावर अशी चौकट नाही.

जुलैत पेट्रोल पुन्हा वाढलं, अबुजात ६१७ झालं. कोस्टरवाल्याने नवा दर पाठवला. त्याची गाडी डिझेलची आहे हे त्याला पत्राने कळवलं. त्याने उलट विचारलं, ड्रायव्हर कामावर कशाने येतो?