आधी बाप्तिस्मा, मग जन्म

सासूबाईंना त्यांच्या आजीचं गाव बघायचं होतं. त्यांचं वय सत्त्याहत्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, आणि हाताशी माहिती एवढीच : आयर्लंडातली काउंटी क्लेअर, एनिस्टायमनजवळ कुठेतरी. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सोबत मी. मी नाशिकची. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये आडनाव-गाव विचारतात, बाड सोडतात आणि चार-पाच पिढ्या घडाघडा वाचून दाखवतात. आयर्लंडातही कुणीतरी असंच बाड घेऊन बसलं असेल, असा माझा भाबडा समज.

तो डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठावरच गळून पडला. तिथल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात सरकारी दफ्तरखाना होता. ३० जून १९२२ला, यादवी युद्धात, तो स्फोटात गेला आणि १८२१ ते १८५१च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढच्या चार सरकारनंच नष्ट केल्या होत्या; त्यांतल्या १८८१ आणि १८९१च्या तर पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. धड उरलेली सगळ्यात जुनी शिरगणती १९०१ची. "अर्धं इंग्रजांनी घालवलं, अर्धं आम्ही," सासूबाई म्हणाल्या आणि कॉफी शोधायला लागल्या.

कॅथलिक चर्चच्या वह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडेच होत्या, म्हणून वाचल्या. त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५पासून इंटरनेटवर फुकट दिसतात, पण सासूबाईंना किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसूनच बघायच्या होत्या. अक्षर मुंगीच्या पायांचं. त्यात कुठे कुठे लॅटिन : जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. पण एक गोष्ट मला फार आवडली. बाळाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. आमच्या उपाध्यांच्या बाडात बाई दिसते ती बहुधा कुणाची तरी बायको म्हणून.

दुपारी आजी सापडली. १८६७, बाप्तिस्मा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मग सरकारी नोंद काढली. १ जानेवारी १८६४पासून सगळ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू सरकारदरबारी लागायला लागले. तेच आईबाप, तीच वाडी. जन्म : मार्चअखेर! म्हणजे बाई जन्मायच्या आधीच बाप्तिस्मा घेऊन मोकळी.

ग्रंथालयाच्या टेबलामागची बाई हसली. हे रोजचंच. बाळ दगावलं तर, या भीतीनं बाप्तिस्मा एक-दोन दिवसांत उरकत. सरकारी नोंदीसाठी मात्र रजिस्ट्रारकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी दवाखान्याच्या डॉक्टरकडे, जावं लागे. शेतीच्या कामात ते राहून जाई. मुदत उलटली की दंड; मग बाप बाळाची तारीखच पुढे ढकलून सांगे. या बापानं सहीऐवजी फुली मारली होती. दंड वाचवण्याचा हिशेब मात्र त्याला पक्का येत होता.

लिमरिकला गाडी बदलून एनिस, तिथून बसनं एनिस्टायमन. गावातून इनाह नदी दगडी पायऱ्यांवरून धडधडत उतरते. खोलीची खिडकी लावूनही आवाज येत होता. त्या आवाजात आम्ही टॅबलेटवर शिरगणतीचे फॉर्म काढले. आजीची आई १९०१मध्ये ५४ वर्षांची. १९११मध्ये ७१! दहा वर्षांत सतरा वर्षं! याचंही कारण होतं. १९०८च्या कायद्यानं सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागलं, आणि तिच्या जन्माच्या वेळी सरकारी नोंदच नव्हती. कुठलं वय खरं, हे तिलाही ठाऊक असेल असं नाही.

१९११च्या फॉर्मवर आणखी एक रकाना होता : मुलं किती झाली, हयात किती. तो नवरा असलेल्या बायकांसाठी. हिनं विधवा असूनही भरला होता आणि कुणीतरी त्यावर रेघ मारली होती. रेघेखालचं वाचता येत होतं. झाली नऊ, हयात सहा.

सासूबाईंनी बोटं मोजली. त्यांना सहाचीच नावं माहीत होती.

सकाळी टॅक्सीनं वाडीवर जायचं ठरलं होतं. इकडे त्याला टाउनलँड म्हणतात. कुठे कुठे घर एकही नसतं, नाव तेवढं उरतं. सासूबाईंनी चष्मा पुसला, टॅक्सी दुपारवर ढकलायला सांगितली आणि पुन्हा बाप्तिस्म्याची वही उघडायला लावली. जेवणापर्यंत दोन सापडली.