विंचू, प्राझोसिन आणि बावस्कर सर

७ जून, रात्र

आज इंटर्नच्या नव्या बॅचला विंचूदंश शिकवला. पावसाच्या तोंडावर हा विषय घ्यावाच लागतो. लोक कौलं शाकारायला काढतात, लाकूडफाटा आत भरतात, पेंढा हलवतात, आणि त्यात दडलेला लाल विंचू बाहेर निघतो. पोरं हुशार आहेत. डोस विचारला की तोंडपाठ: प्राझोसिनची गोळी, लहान मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. मग मी विचारलं, हे काढलं कुणी? एकीनं मोबाइल चाचपला. शेजारचा म्हणाला, "सर, परदेशातल्या कुठल्या तरी ट्रायलमधून आलं असेल." हसलो आणि पुढे गेलो, पण ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं. म्हणून आता लिहायला बसलोय.

परदेशातून नाही बाळा, आपल्या कोकणातल्या महाड-पोलादपुरातून आलं.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. शेतकऱ्याच्या घरातले, गरिबीतून वर आलेले. नागपूरच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले. तेव्हा रायगड जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला कोकणातला विंचू नवाच असणार. देशावर विंचू चावला म्हणजे रात्रभर ठणका, कांदा चोळा, मंत्र म्हणा, सकाळी माणूस कामावर. इथे मात्र चावलेलं पोर रात्री ओकायला लागायचं, घामानं न्हायचं, हातपाय बर्फासारखे व्हायचे, आणि काही तासांत धाप लागून तोंडातून गुलाबी फेस यायचा. फुप्फुसात पाणी. मग डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नसे. त्या काळात अशा गंभीर झालेल्यांपैकी शेकडा तीसेक दगावत.

लोक भितात ती मोठ्या काळ्या इंगळीला. दिसायलाच भयंकर ती. खरा मारेकरी बोटभर लांबीचा लालसर विंचू, जांभ्याच्या फटीत आणि भाताच्या पेंढ्यात राहणारा.

तेव्हाची औषधं आठवली की अंगावर काटा येतो. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, आणि पेथिडीन वगैरे तीन औषधं एकत्र करून बनवलेलं 'लायटिक कॉकटेल'. अॅट्रोपिननं आधीच धावणारं हृदय आणखी धावायचं. कॉकटेलनं पेशंट शांत दिसायचा, आणि डॉक्टरलाही शांत वाटायचं, हाच त्यातला धोका. पुस्तकात होतं म्हणून सगळे देत होते. तरुण डॉक्टरनंही तेच देत राहून, पोर गेलं की केस पेपरवर सही करून, बदलीची वाट बघितली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं.

सरांनी काय केलं ते सांगायला फार सोपं आहे, म्हणूनच बहुधा पोरांना ते मोठं वाटत नाही. ते पेशंटजवळ बसले. नाडी, बीपी, घाम, उलटी, पायाचा गारवा तासातासाला बघून लिहून ठेवत गेले. एकाचं, मग दुसऱ्याचं, मग शेकड्यांचं. १९८२ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला: लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार आहे हे आधीच ओळखायच्या खुणा. उलटी, भरपूर घाम, मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला आलेली ताठरता, आणि गार पडलेले हातपाय. या चारातल्या एकाही खुणेला मशीन लागत नाही, वीजसुद्धा लागत नाही. लागतं ते पेशंटचे कपडे बाजूला करून नीट बघणं. ती तिसरी खूण आईबाप सांगत नाहीत, लाजतात. पोराची चड्डी काढून बघायला डॉक्टरही लाजला तर एक महत्त्वाची खूण हातची जाते. हे आज सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत खुसखुस झाली. होऊ दे, लक्षात राहील.

आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. विंचू चावलेला जो माणूस दुखतंय म्हणून ओरडून घर डोक्यावर घेतो, तो नुसत्या वेदनेवर निभावतो बहुतेक वेळा. भीती असते ती ओकणाऱ्याची, घामानं भिजलेल्याची, गार पडून गप्प झालेल्याची. कॅज्युअल्टीत आपलं लक्ष आपोआप आरडाओरड करणाऱ्याकडे जातं. नातेवाईकही त्याचेच जास्त असतात, पुढाऱ्याचा फोनही त्याच्यासाठीच येतो. कोपऱ्यातल्या बाकावर आईच्या मांडीवर निपचित पडलेलं पोर मागे राहतं. मांत्रिकाचं दुकान का चालायचं हेही यातूनच कळतं. चावलेल्यांतले पुष्कळसे आपसूकच बरे होणार असतात, त्यांचा विंचू कुणीही 'उतरवला' तरी उतरतोच. न उतरलेल्याला दवाखान्यात आणेपर्यंत मोलाचे तास गेलेले असतात.

विषाचं कामही पोरांना समजावलं. ते नसांच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडीच ठेवतं. शरीरात अॅड्रेनलीनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप मारून थकतं आणि पाणी फुप्फुसात साठतं. म्हणजे हातपाय गार पडतात ते शरीर 'थंड पडतंय' म्हणून नाही. रक्ताची वाटच आवळली गेलीय म्हणून. एवढं समजलं की औषधाची दिशा आपोआप कळते: आवळलेलं सैल करा. सरांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडची सलाईन वापरून पाहिली. ते जालीम औषध. थेंबाथेंबाचा हिशेब, सतत बीपी, आणि डोळ्यात तेल घालून पहारा. आयसीयूतलं हत्यार ते, खेड्यात सगळीकडे परवडणारं नव्हे. मग प्राझोसिन. ब्लडप्रेशरसाठी बाजारात आलेली साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्यांचं कुलूप नेमकं उघडणारी. तोंडानं देता येते, स्वस्त, उपकेंद्रातही ठेवता येते. १९८६ साली त्यावरचा लेख लॅन्सेटमध्ये आला, दोन लेखकांचा: हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर. नवरा-बायको दोघंही डॉक्टर. आमच्याकडे बोलताना सगळे एकाच नावावर थांबतात. मीही बहुतेक वेळा तसंच बोलतो, म्हणून इथे दुसरं नाव मुद्दाम लिहून ठेवतोय.

प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. तिसावरून एकावर. बाकी काही न सांगता एवढाच आकडा फळ्यावर लिहून निघून जायला हवं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते या गोळीच्या एका साध्या सूचनेबद्दल. पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं, पेशंट उठून बसला तर जास्तच. म्हणून आडवंच ठेवायचं. आता लहान पोर असेल तर आई काय करणार? उचलून छातीशी घेणार. विंचू चावल्यापासून ती तेच करत आलेली असते. आणि नेमकं तेच पुढचे काही तास करायचं नाही. सरांच्या लिखाणात हे स्पष्ट आहे: मुलाला आडवंच ठेवा, हलवायचं झालं तरी आडवंच धरून हलवा. औषधाचा डोस काढणारा माणूस आईच्या हातांचाही विचार करून ठेवतो, हे मला डोसापेक्षा मोठं वाटतं. कागदावर ती एक ओळ आहे. वॉर्डात ती तीन तासांची लढाई असते. 'उचलू नका' असं दरडावलं की आई घाबरते आणि सिस्टरची पाठ वळली की उचलते. आमच्या एक जुन्या सिस्टर आईलाच कॉटवर चढवायच्या, पोराशेजारी आडवं व्हायला सांगायच्या आणि पोराचे तळवे तिच्या हातात द्यायच्या: "हे बघत बसा, गरम झाले की मला हाक मारा." आईला काम मिळालं, आम्हाला फुकटचा मॉनिटर मिळाला. तळवे गरम झाल्याची पहिली बातमी डॉक्टरआधी आईला लागायची. सिस्टरनी कुठलाही लेख वाचला नव्हता. वाचला असता तरी यापेक्षा बरं काही सुचलं नसतं.

डॉ. देसाईंशी—नाही, नाव कशाला, एका सहकाऱ्याशी जेवताना बोलणं झालं. त्याचं म्हणणं, "बावस्कर म्हणजे देवमाणूस, आपल्याला कुठे जमणार." असं म्हटलं की आपण सुटलो. देवाची पूजा करायची असते, नक्कल करायची नसते. सरांच्या कामातलं जे मला दिसतं ते सगळं नक्कल करण्याजोगं आहे: बघणं, लिहिणं, पुन्हा बघणं, आणि पेशंट गेला तर का गेला हे पुढच्या पेशंटसाठी टिपून ठेवणं. करुणा म्हटलं की आपल्याला डोळ्यातलं पाणी आठवतं. रात्री दोन वाजता चौथ्यांदा बीपी घेऊन आकडा लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यात पाणी नसतं, झोप असते.

पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये एम.डी. झाल्यावर शहरात दवाखाना थाटता आला असता. ते परत पोलादपूर-महाडकडेच आले. आणि एवढं नाव झाल्यावरही स्वतःच्याच गोळीची परीक्षा घेतली, हे मला सगळ्यात विशेष वाटतं. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची ट्रायल छापून आली, महाडच्या त्यांच्या हॉस्पिटलातली. ७० पेशंट. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस, म्हणजे विष निकामी करणारं इंजेक्शन. १० तासांनी प्रतिलसवाल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण सावरले होते. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. ज्या औषधावर आपलं नाव उभं आहे ते एकटं पुरेसं वेगानं काम करत नाही, हे आपल्याच हातानं जगाला सांगायचं! मोठमोठ्या संस्थांतली माणसं आपल्या एका लेखावर जन्म काढतात आणि त्याविरुद्ध कुणी बोललं की सेमिनारमध्ये लाल होतात, हे मी जवळून पाहिलंय.

तो १२०० रुपयांच्या चेकचा किस्साही पोरांना सांगितला. २०१३ च्या सुमाराची गोष्ट. एका डायग्नोस्टिक सेंटरकडे तपासणीला पेशंट पाठवला म्हणून सरांना 'कट'चा, म्हणजे कमिशनचा, चेक आला. त्यांनी तो परत पाठवला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. पोरं गप्प. एकानं विचारलं, "सर, मग पुढे काय झालं?" म्हटलं, बोभाटा खूप झाला, परदेशी जर्नलांतसुद्धा. कट बंद झाला का, ते तुम्ही प्रॅक्टिस सुरू केल्यावर मला येऊन सांगा.

२०२२ ला पद्मश्री मिळाली. मिळायलाच हवी होती, उशिरा मिळाली. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला एम.डी.चा विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्याआधी तेहतीस वर्षं एक माणूस बिरवाडीत तेच करायला लागला होता, त्या शाखेचं नावही इथे नव्हतं तेव्हा. आता आमच्याकडे चकचकीत रेड झोन, यलो झोन आहे. पेशंट दारातून आला की मॉनिटर लागतो, पडद्यावर पाच रंगांत पाच आकडे येतात, आणि सगळे पडद्याकडे बघतात. मॉनिटर वाईट नाही, मला तो हवाच आहे. पण पाय गार आहेत का हे कुठलाही पडदा सांगत नाही.

म्हणून संध्याकाळी कॅज्युअल्टीच्या चार्टमध्ये बीपीच्या शेजारी एक रकाना वाढवा असं सुचवलं: 'हातपाय: गार / कोमट / गरम'. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, कल्पना छान आहे, पण छापील फॉर्म बदलायचा तर कमिटीपुढे जावं लागेल, आणि कमिटी दिवाळीनंतर बसते. तोवर पेननं रेघ मारून घ्या म्हणाल्या. उद्या सकाळी रजिस्टर आणि फूटपट्टी घेऊन बसायचंय. त्या मोबाइलवालीला आणि परदेशी ट्रायलवाल्याला मदतीला बोलावलंय.