पुराचं कॉमिक काढताना

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला कॉमिक्स हा ऐच्छिक विषय होता. मी तो घेतला, कारण मला २०१९ चा सांगलीचा पूर मांडायचा होता. त्या पुराचे फोटो आणि व्हिडिओ ढीगभर आहेत, पण मी पाहिलेले बहुतेक पाणी घरात शिरल्यानंतरचे. त्याआधी निघायचं की थांबायचं या घालमेलीत जो काळ जातो, तो त्यात दिसत नाही. दिसणार तरी कसा? तेव्हा माणसं आकडा ऐकत बसलेली असतात.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. नदीला पाणी चढू लागलं की गावभागात कुणीही कुणाला भेटलं तरी पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा. तिथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. मग कोयनेतून किती सोडलंय ते विचारायचं आणि रात्रीपर्यंत आकडा कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ५७ च्या पुढे गेला. पण आमच्या आजीसारख्या कितीतरी जणांच्या डोक्यात २००५ च्या पुराची खूण पक्की बसलेली होती. "तेव्हा पायरीला लागून परत गेलं, आता काय घरात येतंय?" असं ती म्हणत होती आणि बाबा गुपचूप धान्याचे डबे माळ्यावर चढवत होते. मला कॉमिक काढायचं होतं ते या दोघांचं.

विषय ठरला तरी मॅडमनी लगेच काढायला बसू दिलं नाही. आधी कॉमिक्स वाचायची आणि जे वाचलं त्याला उत्तर द्यायचं, तेही चित्रानेच. रसग्रहण लिहून आणलेलं चालणार नव्हतं. मी 'भीमायन' घेतलं. बाबासाहेबांना सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग त्यात आहेत. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची, साल २०११. त्यांनी चौकटी आखलेल्याच नाहीत. गोंड घरांत भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलेलं आहे. संवाद लिहायचे फुगे, म्हणजे बलूनही तसेच बोलके. मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, जहरी बोलण्याला विंचवाची नांगी. बाबासाहेब सभेत बोलतात तेव्हा कर्ण्यांतून ऐकणाऱ्यांवर पाणी शिंपडलं जातं. पाण्यासाठी तहानलेल्या माणसांची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात हे चित्र पाहिलं आणि मी कितीतरी वेळ त्याच पानावर होते.

उत्तर म्हणून मी ते पान सहा सरळ चौकटींत बसवून काढलं. सभा राहिली, कर्णे राहिले, पण पाणी एका चौकटीत अडकून बसलं. मूळ पानावर ते सगळीकडे पोचत होतं. चौकट ही बातमी सांगायला सोयीची आहे, पण ती काय अडवते हे तिथे मला स्वतःच्या हाताने कळलं. नुसतं वाचून एवढं कळलं नसतं, असं मला ठाम वाटतं.

याच सुमारास वर्गात पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेवर बोलणं झालं. चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करतो आणि दोन चित्रांमधलं अंतर त्याचं गाणं भरून काढतं. छापील कॉमिकमध्ये गाणारा कुणी नसतो. दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते आणि तिथे काय घडलं ते वाचणाऱ्याने आपल्या मनात घडवायचं. मग मी ठरवलं की पाणी काढायचंच नाही. कोरा कागद हेच पाणी.

मांडणी अशी झाली: ए-३ कागद घडी घालून आणि मध्ये एक काप देऊन आठ छोटी पानं. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला आयर्विनसारखी फुटपट्टी. आकडा जिथे असेल तिथे चौकटींचा तळ. पहिल्या पानावर चौकटी पान भरून आहेत, आजी निवांत शेंगा निवडते आहे. आकडा चढतो तशा चौकटी वर सरकत जातात, चपट्या होतात, खालचा कोरा भाग वाढत जातो. सातव्या पानावर वरच्या कडेला एक अरुंद पट्टी उरते. तिच्यात माळा, डबे आणि वाकून बसलेले बाबा.

एवढ्याशा पानावर मराठी अक्षरं बसवणं हे वेगळंच काम निघालं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ओळींत अंतर सोडलं की बलून एवढा वाढतो की माणसाला जागा उरत नाही. शेवटी आधी पेन्सिलीने अक्षर, मग त्याच्याभोवती बलून, मग उरलेल्या जागेत माणूस, असा क्रम धरला. वाक्यं आपोआप तुटत गेली. "४३ झालं." "कोयना?" "सोडलंय." घरातही आम्ही त्या दिवसांत असंच बोलत होतो, त्यामुळे मला ते फार खरं वाटलं.

कच्ची प्रत वर्गात फिरवायची, पण काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा मॅडमचा नियम. वाचणाऱ्याने एका चौकटीत उत्तर काढायचं. माझी प्रत बीडकडच्या मैत्रिणीकडे गेली. ती पहिली पानं हसऱ्या चेहऱ्याने वाचत होती. मला काही कळेना. नंतर ती म्हणाली, "आकडा वाढतोय म्हणजे चांगलंच ना? आम्ही जायकवाडीचा टक्का असाच बघतो." कोऱ्या जागेबद्दल तिला वाटलं की घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात आहेत.

तिने उत्तर म्हणून काढलेली चौकट मी जपून ठेवली आहे. तीच फुटपट्टी, पाण्याची रेघ तळाला आणि तिच्याखाली टँकरसमोर लावलेल्या घागरींची रांग. माझ्या पानाला याहून नेमकं उत्तर मिळालं नसतं. मीही तिच्या ऊसतोडीच्या कॉमिकला एक चौकट काढून दिली, पण तिची ही चौकट वरचढ होती.

तिच्या वाचनानंतर मी दोन गोष्टी घातल्या. फुटपट्टीवर ४० आणि ४५ पाशी ठळक रेघा आणि त्यांच्याशेजारी 'इशारा', 'धोका' हे शब्द. आणि तिसऱ्या पानावर, चौकटी जिथे संपतात नेमक्या त्या रेषेवर, एक तरंगती चप्पल. कोऱ्या कागदावर एक तिरकी चप्पल दिसली की बाकी सगळा कोरेपणा ओला होतो. पाण्याची एकही लाट काढावी लागली नाही. पुढच्या वाचकांत कुणालाच 'इथे काय आहे' असं विचारावं लागलं नाही.

झेरॉक्स काढून, घड्या घालून प्रती सांगलीला नेल्या. शेजारच्या काकूंनी उभ्या उभ्या वाचून "पाचव्या पानापर्यंत आम्ही निघालो होतो बघ" असं सांगितलं, म्हणजे त्यांनी स्वतःचं घर त्या फुटपट्टीला लावून पाहिलं. आजीने चष्मा लावून प्रत्येक पान बोटाने वाचलं. विश्रामबागेत मामाकडे जायला ती कशी तयार झाली, ते मी शब्दांत न सांगता दोन चौकटींमधल्या जागेवर सोडलं होतं. त्यावर ती काही बोलली नाही. तिची तक्रार दुसरीच होती. "सिलेंडर कुठाय? निघताना गॅसचा सिलेंडर खिडकीच्या गजाला बांधला होता तुझ्या बाबाने. सुटला असता तर तरंगत जाऊन कुणाच्या दारावर आदळला असता. ते नको का दाखवायला?"

दाखवायलाच हवं होतं. दुसऱ्या छपाईसाठी सहावं पान नव्याने काढते आहे. सिलेंडरची गाठ मोठी दिसावी म्हणून आजीचा एक संवाद तिथून काढला आहे आणि गाठ नेमकी कशी मारतात ते बाबांकडून व्हिडिओवर मागवलं आहे.