तुम्ही विचारलंत म्हणून: बाकं रिकामी होत चालली, आता चर्चचं काम काय?

हा प्रश्न मला, एका चर्चच्या पाळकाला म्हणजे धर्मगुरूला, वर्षानुवर्षं विचारला जातो आणि दर वेळी विचारणारा वेगळा असतो. मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांमधली, वयस्क माणसं विचारतात तेव्हा त्यात काळजी असते: "पाळकसाहेब, आमच्यामागे इथे बसणार कोण?" तरुण विचारतात तेव्हा थोडा संकोच असतो: "ज्यांना देवधर्म नकोच आहे, त्यांच्या मागे आपण का लागायचं?" बाहेरची माणसं सरळ विचारतात. शाळा सरकार चालवतं, दवाखाने आहेत, मन मोकळं करायला समुपदेशक आहेत. मग तुमचं काम उरलं काय?

दाराशी उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

बाकं रिकामी होत आहेत हे खरं आहे. ज्या देशातून जगभर मिशनरी गेले, त्या इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आलं आणि 'कोणताही धर्म नाही' असं लिहिणारे ३७.२ टक्के झाले. हे आकडे वाचून मलाही वाईट वाटतं. पण त्याच इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला न येणाऱ्याला बारा पेन्स दंड होता, हेही मी विसरू शकत नाही. दंडाच्या धाकाने भरलेलं बाक आणि ओढीने भरलेलं बाक लांबून सारखंच दिसतं. पुढे कायदा गेला, पण लोक काय म्हणतील ही भीती राहिली, नोकरी आणि सोयरीक जुळवताना चर्चचा दाखला कामी येत राहिला. आज ती भीती ओसरली आहे. जो येतो तो स्वतःच्या पायांनी येतो. आपण जे गमावलं त्यातलं बरंचसं मुळात आपलं नव्हतंच, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि काही आपण आपल्या हातांनी घालवलं. आयर्लंडमध्ये धार्मिक संघांनी चालवलेल्या संस्थांत मुलांचा किती छळ झाला, ते २००९ च्या चौकशी अहवालाने जगासमोर मांडलं. इतर देशांतही असंच उघडकीला आलं. अत्याचार करणारे मोजके होते म्हणावं, तर ते झाकणारे पुष्कळ होते आणि झाकलं ते चर्चचं नाव राखण्यासाठी. मुलापेक्षा संस्थेचं नाव मोठं ठरलं. अशा चर्चने समाजाला 'तुम्ही देवापासून दूर का गेलात' असं विचारू नये. आधी आपण गुडघे टेकावेत, पीडितांचं ऐकावं आणि कायद्याला आपलं काम करू द्यावं. मिशनबद्दल पुढचं बोलणं त्यानंतर.

'सेक्युलर' शब्द निघाला की आपल्यातले काहीजण दचकतात, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द १८५१ मध्ये प्रचारात आणला जॉर्ज जेकब होलिओक यांनी. या माणसाला १८४२ मध्ये एका भाषणात देवाबद्दल बोललेल्या शब्दांसाठी सहा महिने तुरुंगात टाकलं होतं. ज्याला देवाच्या नावाने कोंडलं, त्याने देवाला सार्वजनिक कारभाराबाहेर ठेवा म्हटलं तर त्याला शत्रू कसं म्हणायचं? सत्तेने कोणाचाही धर्म चालवू नये, ही व्यवस्था मला तरी आपल्या मुळावर आलेली वाटत नाही. आपण जिथे जिथे थोडे आहोत, तिथे तिथे आपल्याला तिचाच आधार आहे.

खरी अडचण मला वेगळी दिसते. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले, दक्षिण भारत चर्चचे बिशप झाले आणि १९७४ मध्ये इंग्लंडला परतले. उतारवयात त्यांनी बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या, बंद पडायला आलेल्या मंडळीची जबाबदारी घेतली. आयुष्यभर परक्या देशात शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सांगितलेला हा माणूस म्हणत असे की, इथलं काम अधिक कठीण आहे. विरोध परवडतो, पण इथे लोक थंडपणे तुच्छ लेखतात. हे मला पटतं. भांडणाऱ्या माणसाला निदान विषय महत्त्वाचा वाटत असतो. ज्याला काही विचारावंसंच वाटत नाही, त्याच्यासमोर तयार उत्तरं घेऊन उभं राहण्यात काय अर्थ?

बायबलमधलं, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं एक वचन मी त्यामुळे पुन्हा पुन्हा वाचतो. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या, असं पेत्र लिहितो. तो ज्यांना लिहीत होता ती मूठभर, विखुरलेली, संशयाने पाहिली जाणारी माणसं होती. त्यांच्याकडे इमारत नव्हती, सत्ता नव्हती. त्याने हे गृहीत धरलं आहे की आधी कोणीतरी विचारणार. म्हणजे त्यांच्या जगण्यात विचारावंसं काहीतरी दिसत असणार. आपण मात्र शेकडो वर्षं न विचारताच सांगत आलो, आणि ऐकणाऱ्याला उठून जाता येत नव्हतं म्हणून आपलं चाललं.

चाड व्हारा नावाच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) धर्मगुरूंची गोष्ट मी मंडळीत बऱ्याचदा सांगतो. १९३५ मध्ये ते अगदी नवखे असताना त्यांच्या वाट्याला एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी आला. तिला पाळी सुरू झाली होती. हे काय आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला लाजिरवाणा आजार झाला अशा समजुतीने तिने जीव दिला. एक माणूस, ज्याच्याशी ती न घाबरता बोलली असती, एवढंच तिला हवं होतं. ते व्हारांच्या मनातून गेलं नाही. १९५३ मध्ये लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन ठेवला: जीव नकोसा झाला असेल तर फोन करा. लोक फोन करू लागले, येऊही लागले. रांग लागायची. रांगेतल्यांना थोडी सोबत म्हणून चर्चमधली साधी माणसं चहा घेऊन त्यांच्याजवळ बसत आणि त्यांचं ऐकत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांना मग आत येऊन आपल्याला भेटायची गरजच उरत नाही. बाहेर कोणीतरी नीट ऐकून घेतलेलं असतं. १९५४ मध्ये त्यांनी हे काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. तेच आजचं 'समॅरिटन्स'. तिथे पहिल्यापासून नियम आहे की, फोन करणाऱ्याला धर्माचा उपदेश करायचा नाही.

हे ऐकून मंडळीतलं कोणीतरी दर वेळी म्हणतं, "मग यात ख्रिस्ताचं काय?" मला वाटतं, सगळंच. शेजारी कोण, हे सांगताना येशूने गोष्टीत जो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्याला परका मानत असा माणूस (इंग्रजीत 'समॅरिटन'), उभा केला, त्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला उताराशाळेत नेलं, खर्च दिला. त्याने त्या माणसाचा विश्वास विचारल्याचं त्या गोष्टीत कुठेही नाही. पडलेल्याला अट घालून उठवायचं नसतं. अन्न, औषध, शिक्षण यांच्या बदल्यात कोणाचा विश्वास मागणं हे पाप आहे, असं मी व्यासपीठावरून म्हणतो आणि इथेही लिहितो.

जर्मनीतल्या लायप्झिगचं उदाहरण मला आणखी विचारात पाडतं. पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं सरकार धर्माच्या विरोधात होतं आणि बहुतेक लोक चर्चपासून तुटले होते. तिथल्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतीसाठी प्रार्थना होई. कितीतरी सोमवारी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी माणसं असत, तरी प्रार्थना थांबली नाही. दारावर पाटी होती की हे चर्च सर्वांसाठी खुलं आहे. हळूहळू असे लोक येऊ लागले ज्यांना प्रार्थना माहीत नव्हती, पण मोकळेपणी बोलायला दुसरी जागाच नव्हती. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी बाकं अडवायला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपले शेकडो सभासद आत पाठवले. त्यांनाही बसायला जागा दिली आणि त्यांच्याही कानावर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली 'धन्य ते' अशी वचनं पडली. बाहेर सरकारचा निषेध करायला सुमारे सत्तर हजार लोक जमले होते, पुष्कळांच्या हातात मेणबत्त्या होत्या. तिथले पाळक ख्रिस्टियान फ्यूरर नंतर सांगत की मेणबत्तीला दोन्ही हात लागतात. एका हातात ती धरायची आणि दुसऱ्याने ज्योत वाऱ्यापासून सांभाळायची. मग दगड धरायला हात उरत नाही. त्या रात्री एकही गोळी सुटली नाही. महिन्याभराने बर्लिनची भिंत उघडली.

आणि त्या सत्तर हजारांपैकी बहुतेक जण पुढे चर्चचे सभासद झाले नाहीत. ते आपापल्या घरी गेले. तो भाग आजही जगातल्या सर्वांत निधर्मी भागांपैकी एक आहे.

मग ते मिशन फसलं का? ज्यांना मिशन म्हणजे नोंदवहीतली वाढती नावं वाटतात, ते हो म्हणतील. मी नाही म्हणतो. त्या सोमवारी चर्च आपलं काम पूर्ण करत होतं: दार उघडं होतं, प्रार्थना चालू होती, भ्यालेल्या माणसांना आणि त्यांच्यावर नजर ठेवायला आलेल्यांनाही एकाच छपराखाली जागा मिळाली होती. घरी गेलेल्यांच्या मनात काय रुजलं ते देवाला ठाऊक. ते मोजायचं काम आपल्याला दिलेलंच नाही.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल की मग नुसतं समाजकार्य करा, देवाचं नाव कशाला? इथे मात्र मी अडतो आणि याला कारण एक रुग्ण आहे.

मी त्यांना इस्पितळात भेटायला जात असे. विश्वास नसलेले, वाचन दांडगं असलेले गृहस्थ. आजार शेवटच्या टप्प्यात होता. त्यांचा मान राखायचा म्हणून मी तीन भेटी नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, पुस्तकांबद्दल, त्यांच्या जुन्या कामाबद्दल. चौथ्या भेटीत त्यांनी चष्मा काढून चादरीवर ठेवला आणि म्हणाले, "गप्पा मारायला माझे मित्र येतात. तुम्ही पाळक आहात ना? मग मेल्यावर काय, त्याबद्दल तुम्ही का बोलत नाही?" मी गप्प झालो. मी ज्याला सौजन्य समजत होतो, त्यात माझी भीतीही होती, आणि ती त्यांना दिसली होती. मग मी बोललो. पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांतून पुन्हा उठण्यावर, माझा विश्वास का आहे ते सांगितलं, कुठे शंका येते तेही सांगितलं. त्यांना सगळं पटलं नाही. पण त्यांनी मला थांबवलं नाही, आणि निघताना म्हणाले की पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.

माणसाला अन्न लागतं, उपचार लागतात, न्याय लागतो. आणि मी केलेल्याची क्षमा मला मिळेल का, माझं माणूस गेलं ते कुठे गेलं, हेही त्याला लागतं. हे प्रश्न निधर्मी समाजात संपत नाहीत, फक्त ते विचारायची जागा कमी होते. आपल्यापाशी त्यांचं उत्तर आहे असं आपण मानतो, तर विचारणाऱ्यापासून ते लपवणं हा अन्याय आहे. सेवेआड ख्रिस्ताला लपवणं आणि सेवेचं आमिष करणं, दोन्हींत आपण समोरच्याला पूर्ण माणूस मानत नाही.

१९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली तेव्हा भारतीय धर्मगुरू व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना समोरासमोर सांगितलं होतं: तुम्ही गरिबांसाठी आपलं सर्वस्व दिलंत, पण आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. दान देणाऱ्याला उंचावर उभं राहता येतं, मित्राला शेजारीच बसावं लागतं. आज चर्च त्या उंचीवरून खाली आलंच आहे. आपल्या म्हणण्याला आपोआप मान मिळत नाही, तर आता शेजारी बसणं सोपं झालं आहे, असं मी तरी धरून चालतो.

मागच्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एक बाई वारल्या. त्यांचे यजमान कधी उपासनेला आले नव्हते. दर रविवारी तिला दारापर्यंत सोडायचे आणि परत जायचे. अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी ते मला भेटायला आले. हातात एक जाड वही होती, कोपरे मऊ झालेली. पानापानावर नावं आणि तारखा होत्या. शेजारी, डॉक्टर, भांडण होऊन दुरावलेली बहीण, आणि "कोपऱ्यावरचा मुलगा" अशी नावाविनाही माणसं. काही नावांपुढे छोटी खूण होती. बाई त्या सगळ्यांसाठी प्रार्थना करत.

"मला हे येत नाही," ते म्हणाले. "माझा विश्वासही नाही. पण ही यादी अर्धवट टाकवत नाही. नावं नुसती वाचली तर चालेल का?"

मी म्हटलं, चालेल. आम्ही बसलो आणि ते वाचू लागले. तिसऱ्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. पुढच्या पानावर पुन्हा होतं, त्याच्या पुढेही होतं. त्याच्यापुढे खूण कुठेच नव्हती. ते थांबले, घसा साफ केला, आणि दर वेळी आपलं नावही इतरांसारखंच वाचलं.

वही मिटल्यावर त्यांनी विचारलं, "हे ती करायची कधी? मी तर कधी पाहिलं नाही."

"तुम्ही उठायच्या आधी," मी सांगितलं.