बाळंतपण, रक्ताची बाटली आणि ट्यूबवरचं आडनाव

ताई आणि तिची जुळी आता ठणठणीत आहेत. पण रक्तपेढीच्या त्या खिडकीचा राग माझ्या मनातून जात नाही.

रात्रभर कळा दिल्यावर सकाळी दोन्ही बाळं झाली, वारही पूर्ण पडली, तरी अंगावरून जायचं थांबेना. मॅडम म्हणाल्या, पिशवी आकसत नाहीये. जुळ्यांमुळे ती फार ताणलेली, त्यात कळा लांबलेल्या. मग वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्याच जात नाहीत. बाळंतपणात जास्त रक्त जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. इंजेक्शनं सुरू झाली, सिस्टर पोट चोळत होत्या, आणि भाऊजींच्या हातात रक्ताचा फॉर्म आणि सॅम्पलच्या ट्यूब आल्या.

खिडकीवर पहिला प्रश्न, "डोनर आणलाय का?" भाऊजी तिथेच बाही सारून उभे राहिले. क्रॉसमॅचला, म्हणजे ताईचं आणि बाटलीतलं रक्त जुळतं का ते तपासायला, पाऊण तास लागेल म्हणाले, आम्ही थांबलो. वेळ उलटून गेल्यावर विचारलं, तर फॉर्म ट्रेमध्ये जिथल्या तिथे. "नाव जुळत नाही, नवीन सॅम्पल आणा." फॉर्मवर आधारकार्डावरचं माहेरचं आडनाव, ट्यूबवर सासरचं. नाव जुळलं नाही तर रक्त देऊ नये हे मला शंभर टक्के मान्य आहे, चुकीच्या गटाचं रक्त जिवावर बेतू शकतं. पण ट्यूब हातात घेतानाच लेबल वाचायला काय झालं होतं? तिकडे ताईचे ओठ पांढरे पडलेले, थंडी वाजतेय म्हणत होती. मी धावत जाऊन सिस्टरकडून नवीन सॅम्पल आणलं, खिडकीवरच्या माणसाला लेबल मोठ्याने वाचायला लावलं. मग रक्त मिळालं.

तेव्हा फाइल, फॉर्म, ट्यूब, सगळीकडे एकच नाव आहे ना, ते स्वतः पाहा. ताईचं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. जुळी, वार खाली असणं, आधीचं सिझेरियन, मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं, यातलं काही असेल तर नाव घालतानाच विचारा, रात्री रक्त कुठून येतं? सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला रक्त मोफत असतं. आणि घरी आल्यावरही तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, तर सकाळची वाट न बघता निघा.