लंगडी मादी, दोन घरटी : रानटी टर्कींच्या सात महिन्यांच्या नोंदी

गेल्या डिसेंबरात ठरवलं, यंदा पक्ष्यांची यादी वाढवत बसायचं नाही. घरामागच्या टेकडीवरचा रानटी टर्कींचा एकच थवा वर्षभर पाहायचा. टेकडी अमेरिकेतल्या नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधली. वर ओक आणि पाइन, खाली दुभत्या गाईंची शेतं. १८८१ नंतर या राज्यात टर्की उरलीच नव्हती. १९७६ साली मिसूरीहून आणलेले २९ पक्षी वर्नन काउंटीत सोडले, तिथून पुन्हा सुरुवात झाली. त्यामुळे इथल्या प्रत्येक पक्ष्याचं मला अप्रूप आहे.

जानेवारी
मोजणी ३१. मध्यावर एका रात्रीत फूटभराच्या वर बर्फ पडला, तोही पिठासारखा भुसभुशीत. पारा उणे २४. मी थंडीच्या धास्तीत होतो, पण पोट भरलेलं असेल तर थंडी हे पक्षी सोसतात. भुसभुशीत बर्फात मात्र पाय रुततात, चालता येत नाही, खालची ओकची फळं उकरता येत नाहीत. मग पाइनच्या फांद्यांवर पिसं फुलवून नुसतं बसून राहायचं. धडधाकट पक्षी आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त उपाशी काढतो, पण अंगावरचं मांस झडत जातं. आमचा थवा पाच दिवस रातथाऱ्यावरून खाली आलाच नाही. मी रोज सकाळी दुर्बिणीतून काळे गोळे मोजायचो.

पाचव्या दिवशी ऊन पडलं, रात्रीत बर्फावर कडक पापुद्रा धरला आणि सहाव्या सकाळी सगळे शेतात उतरले. शेतकऱ्याने शेणखत टाकलं होतं, त्यातले न पचलेले मक्याचे दाणे वेचायला. पापुद्र्यावर तळहाताएवढे तीन बोटांचे ठसे उठले होते. त्यात एकीच्या डाव्या पावलामागे दर वेळी एक बारीक ओरखडा. लंगडी मादी मला अशी सापडली.

मका टाकायचा मोह खूप झाला. टाकला नाही. एका जागी दाणे पडले की थवा तिथेच घुटमळतो, रोग पसरतात, कायोटी या लांडग्यासारख्या शिकाऱ्यांनाही ठिकाण कळतं. शिवाय मक्याला बुरशी धरली तर विषच. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर पाळीव टर्की मेल्या त्या शेंगदाण्याच्या बुरशी लागलेल्या पेंडीने. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध त्यातूनच लागला. खाद्य ठेवणाऱ्या मित्रांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

मार्च-एप्रिल
मोजणी २८. एवढ्या बर्फानंतर तीनच कमी, मला फार बरं वाटलं. एप्रिलमध्ये थवा फुटला, नर पिसारा फुलवून घुमू लागले. डोकं क्षणात लाल, क्षणात निळं-पांढरं. १६१२ मध्ये दरबारी मुकर्रबखानाने गोव्याहून नेलेल्या टर्कीचं हेच रंग बदलणं जहांगीराने सरड्याची उपमा देऊन लिहून ठेवलंय, आणि त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर याने त्या पक्ष्याचं चित्र काढलंय. चारशे वर्षांपूर्वीचं ते निरीक्षण आजही तंतोतंत जुळतं.

मे
९ तारखेला पडलेल्या ओकच्या बुंध्याशी घरटं दिसलं. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. पाचोळ्याखाली ११ अंडी, सायीच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. लंगडी चरायला गेली होती. मी एका मिनिटात मागे फिरलो आणि कॅमेरा दूर पायवाटेवर लावला.

१८ आणि १९ला संततधार. भिजलेल्या मादीचा वास जास्त पसरतो आणि रॅकून-स्कंकसारख्या अंडी खाणाऱ्या प्राण्यांना घरटं सापडतं, असं अभ्यासकांना वाटतं. २०च्या पहाटे पावणेतीनला कॅमेऱ्यात रॅकून. सकाळी कवचं चार-पाच फुटांवर विखुरलेली, कडा वेड्यावाकड्या चेपलेल्या, पानांवर बलक. पिल्लू बाहेर पडतं तेव्हा जाड टोकाकडची टोपी गोल कापल्यासारखी निघते. तसं एकही कवच नव्हतं. लंगडी वाचली होती, संध्याकाळी शेताच्या कडेला दिसली. माझ्या पावलांचा माग त्या रॅकूनला मिळाला असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो. घरट्याजवळ जायचंच नाही, हे आता पक्कं.

जुलै
पहिली अंडी गेली तर मादी पुष्कळदा पुन्हा घालते, बहुधा थोडी कमी. अठ्ठावीसेक दिवस उबवणं धरून मी जुलैचा दुसरा आठवडा मांडला होता. दुसरं घरटं शोधलं नाही. १२ तारखेला कापलेल्या गवतात लंगडी आली, मागे सात पिल्लं, नाकतोडे टिपत. या वयात त्यांना किडेच हवेत, पंखांची ताकद त्यावरच येते. पहिले दोन आठवडे ती जमिनीवरच आईच्या पंखाखाली झोपतात, म्हणजे रॅकूनच्या वाटेवर.

१९ तारखेला पाच. पुढे रोज पाचच.

२७ जुलै, संध्याकाळी साडेआठ. लंगडी ओकच्या आडव्या फांदीवर चढली आणि हलकेच बोलावू लागली. चार पिल्लं फडफडत पोचली. पाचवं दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा आधी खालच्या काटकीवर टेकलं, मग वर. तिने दोन्ही पंख पसरले आणि पाचही आत गेली.