फ्रॅटर्निटीचा सेमिस्टर ऑक्टोबरात ठरतो

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने फोनवर 'मी फ्रॅटर्निटीसाठी रश करतोय', म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या बंधुसंघटनेत शिरण्यासाठी भेटीगाठी घेतोय, असं सांगितलं, तर काळजी करत बसण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. चॅप्टरचा, म्हणजे संघटनेच्या त्या कॉलेजातल्या शाखेचा, मागच्या सेमिस्टरचा जीपीए (ग्रेडची सरासरी) किती होता? ड्यूज (वर्गणी) किती आणि ते हप्त्यांनी देता येतात का? आणि नव्या मेंबरचा काळ किती आठवड्यांचा आहे? ही उत्तरं चटकन मिळाली, तर चॅप्टर बहुधा नीट चाललाय.

भारतीय वंशाच्या मुलांनी सुरू केलेल्या फ्रॅटर्निट्या तशा तरुण आहेत. बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९४ साली आयोटा न्यू डेल्टा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली सिग्मा बीटा रो, टेक्सासमध्ये ऑस्टिनला १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय. जुन्या फ्रॅटर्निट्यांसारखी मोठी घरं यांच्याकडे सहसा नसतात. मीटिंग रविवारी संध्याकाळी एखाद्या वर्गात भरते, म्हणून वर्षभराचं खरं काम कॅलेंडरवरच चालतं.

आणि तिथेच गाडी अडते. फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपतो, साधारण पंधरा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रश, मग बिड (सामील होण्याचं आमंत्रण), आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे नव्या मुलांना चॅप्टरचा इतिहास, नियम, माणसं समजून घ्यायची असतात. हा काळ नेमका ऑक्टोबरातल्या मिडटर्मवर येऊन आदळतो. नव्या मुलांचे ग्रेड फॉलमध्ये घसरतात ते मुलं आळशी असतात म्हणून नव्हे, वेळापत्रक तसं आखलेलं असतं म्हणून. शहाणा चॅप्टर मिडटर्मच्या दोन आठवड्यांत एकही सक्तीचा कार्यक्रम ठेवत नाही.

लायब्ररीतले 'स्टडी अवर्स' बहुतेक चॅप्टर लावतात, आठवड्याला सहा-आठ तास. पण सहीपुरती हजेरी घेतली, की टेबलाभोवती गप्पा रंगतात आणि तासांची नोंद मात्र पूर्ण दिसते. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या सिलॅबसमधल्या परीक्षा आणि सबमिशनच्या तारखा एका सामायिक कॅलेंडरवर चढवाव्यात. तो कोर्स आधी चांगल्या ग्रेडने केलेला सीनियर ज्याला-त्याला जोडून द्यावा. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसला याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

चॅप्टरचा सरासरी जीपीए दोन-तीन मुलांमुळे किती खाली येतो, हे हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. तीस जणांपैकी सत्तावीस जणांना ३.३ आणि तिघांना १.५ मिळाले, सगळ्यांचे क्रेडिट सारखे धरले, तर सरासरी थेट ३.१२. विद्यापीठाचा अहवाल सेमिस्टर संपल्यावर येतो, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. शिवाय तिथल्या कायद्यानुसार एखाद्याचे ग्रेड त्याच्या लेखी संमतीशिवाय चॅप्टरला मिळत नाहीत. म्हणून मिडटर्मचे गुण मुलांकडूनच, विश्वासात घेऊन, मागावे लागतात. कोर्स सोडण्याची मुदत उलटायच्या आत ते कळले, तर 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद, ती जीपीएत धरत नाहीत) घेऊन जीपीए वाचवता येतो. मात्र एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने आधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारल्याशिवाय हे करू नये. पदवीच्या विद्यार्थ्याचे क्रेडिट परवानगीविना १२ च्या खाली गेले, तर थेट व्हिसाच धोक्यात येतो.

समाजसेवेत मात्र हे चॅप्टर खरोखर अनमोल काम करू शकतात, विशेषतः स्टेम सेल (रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात रुग्णाला द्यायच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) दात्यांच्या नोंदणीत. अशा दात्यांची नोंदणी ठेवणारी अमेरिकेतली एनएमडीपी ही संस्था सांगते, की गोऱ्या रुग्णाला नोंदणीत जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, तर आशियाई वंशाच्या रुग्णाला सुमारे ४७ टक्के. जुळणी वंशावर बरीच अवलंबून असते, त्यामुळे पन्नास देशी मुलांचे स्वॅब (गालाच्या आतून काडीवर घेतलेले नमुने) फार मोलाचे. दाता १८ ते ४० वयाचा लागतो. फोनवर फॉर्म भरायचा, गालाच्या आतून काडी फिरवायची, पाकीट बंद करायचं. स्वॅब 'रूमवर जाऊन करतो' म्हणणाऱ्याचं पाकीट बहुतेक परत येत नाही, म्हणून ते टेबलावरच उरकून घ्यावं. त्याहून वाईट म्हणजे मित्राच्या आग्रहाखातर नाव नोंदवणारा मुलगा. वर्षांनी फोन आल्यावर तो नकार देतो आणि तोवर तिकडे रुग्णाचं कुटुंब आशेवर असतं. दान बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून रक्तासारखंच घेतात आणि त्याआधी पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, हे सही करण्यापूर्वी प्रत्येकाला नीट सांगायलाच हवं.

रक्तदानाला नुकताच भारतातून आलेला मुलगा सहसा चालत नाही. पाच वर्षांहून जास्त काळ मलेरियाच्या देशात राहिलेल्याला तीन वर्षं थांबावं लागतं. त्याला नोंदणीच्या टेबलावर बसवावं, नाहीतर रांगेतून परत फिरवल्यावर तो हिरमुसतो.

जमलेला निधी चॅप्टरच्या खात्यात कधीच टाकू नये. फ्रॅटर्निटीला दिलेल्या पैशावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि हिशेबही ड्यूजमध्ये मिसळतो. दात्याला थेट संस्थेच्या पानाची लिंक द्यावी.

हेझिंगबद्दल, म्हणजे नव्या मेंबरच्या छळाबद्दल, रॅगिंगबद्दल, तडजोड नको. डिसेंबर २०२४ च्या संघीय कायद्याने हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा अहवाल कॉलेजांनी जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो आणि घरबसल्या पाहता येतो. बिड स्वीकारण्याआधी मुलासोबत तो शोधून चॅप्टरचं नाव त्यात आहे का ते बघा. आणि 'हे घरी सांगू नकोस' असं कोणी म्हणालं, तर मुलाने त्याच दिवशी बाहेर पडावं.